कोपरा फाडलेलं कार्ड आणि ४३ लाल चौकोन

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. एका सभासदानं लिफ्टच्या देखभालीच्या कराराची प्रत मागितली. सेक्रेटरीकाकांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेलाच होता, त्यामुळे त्यांचा डेस्कटॉप सगळ्या सोसायटीला एकदम दिसला: ४३ लाल चौकोन. मी मोजले, कारण पुढची दहा-बारा मिनिटं दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सगळ्या पीडीएफ, सगळ्यांवर तेच चित्र, खाली अर्धवट कापलेली नावं. 'स्कॅन_२०२३...', 'स्कॅन_२०२३...', 'फायनल नवीन...'. काका एकेक उघडत गेले. टँकरचं बिल निघालं, कुणाच्या तरी पार्किंगची तक्रार निघाली (ती सर्वांनी चवीनं वाचली), करार काही निघाला नाही.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक इशारा फिरत होता. लग्नपत्रिका म्हणून येणारी फाइल उघडू नका, ती पत्रिका नसते. या फसवणुकीच्या बातम्या आता नवीन राहिलेल्या नाहीत. कधी पत्रिका असते, कधी 'आरटीओ चलान' असतं. बोट लावून 'इन्स्टॉल'ला हो म्हटलं की फोनवर एक अ‍ॅप बसतं, ते तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि मग ओटीपी तुमच्याआधी भलत्याच माणसाला मिळतो.

काकांची फजिती आणि ही फसवणूक, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. फाइलीवरचं चित्र बघून आपल्याला वाटतं की आत काय आहे ते कळलं. प्रत्यक्षात ते चित्र आतल्या मजकुराबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

आजीला वाचता येत नव्हतं, तरी कळायचं

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण पोस्टमननं कार्ड हातात दिलं की कुणाकडून वाचून घेण्याआधीच तिला निम्मं कळलेलं असे. कार्डाचा कोपरा फाडलेला असेल तर कुणीतरी गेलं. ते कार्ड उंबऱ्याच्या आत यायचं नाही, बाहेरच वाचून फाडून टाकायचं. पाकिटाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असेल तर लग्न. कडेला तिरक्या लाल-निळ्या पट्ट्या असतील तर विमानानं आलेलं, म्हणजे परदेशातल्या मावसभावाचं.

कागद न उघडता कागदाची जात, निकड आणि सूर कळवणारी ही खूण. संगणकाच्या पडद्यावर एखाद्या वस्तूच्या जागी जे छोटं चित्र असतं, ज्याला आपण आयकॉन म्हणतो, त्याच्याकडूनही खरं तर हीच अपेक्षा आहे. 'आयकॉन' हा शब्द या अर्थानं डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी स्टॅनफर्डमधल्या १९७५ च्या आपल्या प्रबंधात वापरला. पुढे ते झेरॉक्स कंपनीत गेले (हो, तीच, आपण जिचं नाव घेऊन आधार कार्डाच्या प्रती काढतो) आणि १९८१ साली त्या कंपनीचा 'स्टार' संगणक आला. कागद, फोल्डर, टपालाची पेटी असं अख्खं ऑफिस त्याच्या पडद्यावर चित्रांत मांडलेलं होतं. ती चित्रं नॉर्म कॉक्स यांनी काढली. कोपरा दुमडलेला कागद तिथलाच. नुसता आयत काढला तर ती वीट आहे, खिडकी आहे की दार, काहीच कळत नाही. कोपरा दुमडला की तो कागद होतो. आपल्याकडे कोपरा फाडून जे साधत होतं ते तिकडे दुमडून साधलं, फक्त एक फरक राहिला. आपला कोपरा आतली बातमी सांगायचा. त्यांचा कोपरा एवढंच सांगतो की हा कागद आहे.

चित्र ठरवतं कोण?

फाइलीच्या नावाला शेवटी एक टिंब आणि दोन-चार इंग्रजी अक्षरांचं शेपूट असतं: .पीडीएफ, .जेपीजी, .डॉक्स. याला एक्स्टेन्शन म्हणतात. आपण शेपूटच म्हणू. विंडोज हे शेपूट बघतं, अशा शेपटाच्या फायली कोणता प्रोग्रॅम उघडतो ते आपल्या नोंदवहीत शोधतं, आणि तिथे नोंदवलेलं चित्र फाइलीवर डकवतं. झालं. फाइलीच्या आत ते डोकावतही नाही.

एक प्रयोग करून बघा (शेपूट दिसत नसेल तर ते कसं दाखवायचं ते शेवटी सांगितलंय). एखाद्या फोटोची प्रत घ्या आणि तिचं .जेपीजी हे शेपूट खोडून .पीडीएफ लिहा. चित्र लगेच पीडीएफचं होईल. आत मात्र तुमचा सिंहगडावरचा फोटोच आहे, आणि पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम तो उघडताना तक्रार करेल.

सरकारी कचेरीत ज्यानं खेटे घातलेत त्याला हे लगेच समजेल. गठ्ठ्यावर चिठ्ठी असते: 'टेबल क्र. ३'. त्या चिठ्ठीवरून गठ्ठा कुणाकडे जाणार ते कळतं. आत वारसनोंद आहे की बिगरशेतीचा अर्ज, ते कळत नाही. आयकॉन म्हणजे ही टेबल नंबराची चिठ्ठी. काकांच्या पडद्यावरचे ४३ चौकोन ४३ वेळा एकच गोष्ट सांगत होते: हे पीडीएफवाल्या टेबलाकडे जाईल.

नुसत्या शेपटावर विसंबायचं नसेल तर दुसरे मार्ग आहेत. अ‍ॅपलच्या जुन्या मॅकिंटॉश संगणकावर फाइलीचा प्रकार आणि ती बनवणारा प्रोग्रॅम यांचे चार-चार अक्षरांचे दोन संकेत नावापासून वेगळे साठवलेले असत, त्यामुळे नाव काहीही ठेवा, चित्र बिघडत नसे. विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्सवर बऱ्याचदा फाइलीची पहिली काही अक्षरं तपासतात. प्रत्येक पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ' ही अक्षरं असतात. झिप फाइल, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेली पेटी, 'पीके'नं सुरू होते; ती झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. गंमत म्हणजे वर्डची .डॉक्स फाइलही आतून झिपच आहे. तिच्या प्रतीला .झिप शेपूट लावा, ती पेटीसारखी उघडते.

वरून कीर्तन, आतून तमाशा

चित्र जर शेपटावर ठरत असेल आणि शेपूटच लपवलं तर? विंडोज ओळखीच्या फायलींचं शेपूट मुळात लपवूनच ठेवतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' या नावानं गाजलेला किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, जगभर ईमेलमधून पसरला, त्याचं हे मोठं कारण होतं. सोबतच्या फाइलीचं पूर्ण नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असं होतं. खरं शेपूट शेवटचं, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या फाइलीचं. ते लपलं आणि लोकांना दिसलं साधं मजकुराचं .टीएक्सटी. प्रेमपत्र म्हटल्यावर उघडणारच.

त्याहून वाईट गोष्ट अशी की चालणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे .ईएक्सई फाइलीला, स्वतःचं चित्र स्वतःच्या पोटात बाळगायची मुभा असते. कागदाच्या फाइलीला चित्र व्यवस्था, म्हणजे विंडोज, देते. प्रोग्रॅम आपलं चित्र आपणच आणतो. म्हणजे ज्याच्यापासून सर्वांत जास्त धोका, त्यालाच हवा तो मुखवटा घालायची परवानगी. पीडीएफच्या चित्राचा प्रोग्रॅम बनवणं अगदी सोपं आहे. एपीकेचंही तेच. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायच्या अ‍ॅपचं गाठोडं. त्याचं नाव 'लग्नपत्रिका' ठेवता येतं आणि ते बसल्यावर दिसणारं चित्रही बनवणाऱ्याच्या मर्जीचं असतं. कोपऱ्याला हळदकुंकू लावून कुणीही काहीही पाठवू शकतं.

आणि चित्र नुसतं बघणंही नेहमी निर्धोक नव्हतं. २०१० साली सापडलेल्या स्टक्सनेट या किड्यानं शॉर्टकट फायलींच्या आयकॉनमधली एक फट वापरली होती. पेन ड्राइव्ह उघडून फायलींची यादी पडद्यावर आली की विंडोज चित्र काढायला जायचं आणि त्या नादात घातक प्रोग्रॅम चालवून बसायचं. क्लिक करायचीसुद्धा गरज नव्हती. ती फट नंतर बुजवली गेली, पण आयकॉनसाठी फाइलीत किती खोल शिरायचं हा प्रश्न तेव्हापासून हलक्यात घेण्यासारखा राहिलेला नाही.

चौकटीची वही घ्या

बरं, मग जास्त बोलकं चित्र काढायला हरकत काय? काढून बघू. अप्पा बळवंत चौकातून गणिताची चौकटीची वही आणा आणि तिच्यात १६ बाय १६ चौकोनांची जागा आखा. २५६ चौकोन. यादीच्या स्वरूपात फायली बघताना आयकॉनच्या वाट्याला ढोबळमानानं एवढीच जागा येते. (सुझन केर यांनी १९८४ च्या मॅकिंटॉशची चित्रं अशीच चौकटीच्या कागदावर काढली होती, पण त्यांच्याकडे ३२ बाय ३२ जागा होती. रंग मात्र काळा आणि पांढरा, दोनच.)

आता कागद काढा: १२ चौकोन रुंद, १६ उंच. चारी बाजूंची रेघ एकेक चौकोन खाते, आत उरले १० बाय १४. वरच्या उजव्या कोपऱ्याच्या घडीत आणखी तीन-चार गेले. उरलेल्या जागेत मी सोसायटीच्या फायलींसाठी अक्षरं बसवायला गेलो. बिलाला 'ब', ठरावाला 'ठ', टँकरला 'ट'.

'ठ' सुरेख बसला. शिरोरेषेची एक ओळ, मध्ये एक चौकोन दांडी, खाली पाच बाय पाचचं कडं. मग 'ट' काढला आणि लक्षात आलं की तो 'ठ'च आहे, फक्त कड्याचे एक-दोन चौकोन पुसलेले. हात लांब करून वही बघितली तर दोन्ही सारखेच. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांची तीच कथा. फरक शिरोरेषेतल्या एका चौकोनाच्या फटीचा. 'इतिवृत्त'साठी 'इति' लिहायचं तर वेलांटी कागदाच्या बाहेर जाते. रोमन अक्षरांना हा त्रास कमी आहे, एक डब्ल्यू किंवा एक्स मोठा काढला की भागतं. आपल्या अक्षराला डोक्यावर मात्रा लागते आणि पायाशी उकार. तयार आयकॉनवर देवनागरी अक्षर फारसं दिसत नाही, त्यामागे आळस असेलही, पण ही अडचणही खरी आहे.

हल्लीच्या फोनचे ठिपके खूप बारीक असतात हे मान्य. पण चित्राचा पडद्यावरचा आकार नखाएवढाच राहतो, आणि आपले डोळे काही बारीक झालेले नाहीत. चाळिशीनंतर तर नाहीच.

जिलब्या मारुतीचा नियम

इथवर आपण गृहीत धरलं की चित्राला अर्थ हवा. तो खरंच हवा का?

पुण्यातल्या देवळांची नावं आठवा. जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा. या नावांमागच्या कथा निम्म्या पुणेकरांना सांगता येणार नाहीत, आणि पत्ता सांगायला त्या लागतही नाहीत. मारुती सगळे मारुतीच. सगळ्यांना नुसतं 'मारुती मंदिर' म्हटलं असतं तर शहरात कुणाला कुणाचं घर सापडलं नसतं. नाव विचित्र आहे आणि दुसऱ्या कुणाचं नाही, एवढ्यावर काम भागतं.

जे. पी. लुईस, रूथ रोझेनहोल्ट्झ, निक्सन फाँग आणि उलरिक नॉयमन यांनी २००४ साली नेमकं हेच संगणकावर केलं. त्यांच्या 'व्हिज्युअल-आयडी' या पद्धतीत प्रोग्रॅम फाइलीच्या नावावरून एक अमूर्त चित्र आपोआप काढतो: रेघा, वळणं, चक्रं, रांगोळीसारखं काहीतरी. त्या चित्राचा मजकुराशी काही संबंध नसतो. फक्त प्रत्येक फाइलीचं चित्र वेगळं असतं, आणि नावं एकमेकांजवळची असतील तर चित्रंही चुलत भावंडांसारखी दिसतात. अशी अर्थहीन चित्रंसुद्धा लोकांच्या लक्षात राहतात आणि फाइल शोधायला मदत करतात, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं.

याचं कारण आपल्या नजरेत आहे. पुणे स्टेशनच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या अ‍ॅक्टिव्हांच्या रांगेत आपली पांढरी अ‍ॅक्टिव्हा शोधायची तर एकेक नंबर वाचत जावं लागतं. आरशाला केशरी फडकं बांधलेलं असेल तर ती दुरूनच डोळ्यांत भरते, मग रांगेत पन्नास गाड्या असोत की पाचशे. ॲन ट्रीझमन आणि गॅरी जिलेड यांनी १९८० साली हा फरक प्रयोगांतून मांडला. एकाच ठळक गुणानं वेगळी असलेली वस्तू आपोआप उठून दिसते. 'पांढरी आणि केशरी फडक्याची आणि डावीकडे पोचा आलेली' अशी दोन-तीन गुणांची बेरीज करावी लागली, की नजर पुन्हा एकेक गाडी तपासू लागते.

'पण आता सर्च आहे की!'

आहे. पण सर्चला शब्द लागतो, आणि तो शब्द फाइलीत किंवा नावात असावा लागतो. काकांनी स्कॅन केलेला करार संगणकाच्या लेखी फोटो आहे. त्यातली अक्षरं आधी ओळखून घेतलेली नसतील तर 'लिफ्ट' शोधून उपयोग नाही. शिवाय माणसं मुळात जागेवरून शोधतात. डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी १९९५ साली लोकांच्या फायली ठेवायच्या सवयी तपासल्या, तेव्हा नाव टाकून शोधण्यापेक्षा ठेवलेल्या ठिकाणी जाऊन नजरेनं हुडकणंच लोक पसंत करतात असं दिसलं. आईला मोहरीचा डबा कुठे आहे हे सांगता येत नाही, पण अंधारातही तिचा हात बरोबर तिथेच जातो.

'पहिल्या पानाचं छोटं चित्र दिसतं ना?'

त्याला थंबनेल म्हणतात, आणि फोटोंसाठी त्याला तोड नाही. कागदपत्रांची पहिली पानं मात्र लहान केली की सगळी सारखीच करडी होतात. वर ठळक ओळ, खाली मुंग्यांच्या रांगा. करार, नोटीस, बिल, सगळ्यांवर त्याच सोसायटीचं तेच लेटरहेड. दुसरं म्हणजे थंबनेल बनवायचं तर फाइल उघडून आतलं वाचावं लागतं, आणि स्टक्सनेटची आठवण असणारा कुणीही अनोळखी फाइलीच्या बाबतीत याला पटकन हो म्हणणार नाही.

'रंग देऊन टाका, प्रश्न मिटला'

रंगानं बरंच साधतं, पण एकट्या रंगावर विसंबू नये. लाल-हिरव्यात फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ आहेत. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचा ठिपका आठवा. शाकाहारीला हिरवा, मांसाहारीला तपकिरी, आधी दोन्ही गोल असत. ज्याला हे दोन रंग सारखेच दिसतात त्यानं काय करायचं होतं? २०२० च्या लेबलच्या नियमांत मांसाहारी खूण गोलाऐवजी तपकिरी त्रिकोण झाली. रंग तोच ठेवून आकार बदलला. फायलींसाठीही हाच धडा घ्यावा असं माझं मत आहे: आधी आकारानं वेगळं करा, मग वाटल्यास रंगवा.

मग सोसायटीच्या फाइलीला कसला चेहरा द्यावा?

माझ्या मते तीन गोष्टी चित्रात दिसाव्यात, फार तर चार. एक, जाडी. पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवत. त्या कापडाला रुमाल म्हणतात आणि गठ्ठ्यालाही रुमालच. रुमालाकडे बघूनच आत किती कागद आहेत त्याचा अंदाज येतो. एका पानाची पावती आणि ऐंशी पानांचं खरेदीखत पडद्यावर मात्र सारखंच सडपातळ दिसतं. कागदाच्या कडेला दोन-तीन जादा रेघा दिल्या की जाडी कळेल. दोन, वय. जुना कागद पिवळा पडतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. तीन, कच्चं की पक्कं. मराठी माणसाच्या डोळ्यांना पक्क्या कागदाची एकच खूण कळते, गोल शिक्का.

या तिन्हींमध्ये शिक्का सर्वांत उपयोगी आणि सर्वांत धोक्याचा. जाडी आणि तारीख संगणक स्वतः मोजतो. शिक्का कोण मारणार? फाइल बनवणाऱ्याला तो स्वतःच चितारता येत असेल तर हळदकुंकवाची गोष्ट पुन्हा सुरू. तो फक्त व्यवस्थेनं, डिजिटल सही तपासूनच उमटवायला हवा. आणि तपासलेली खूणही लोकांना कळतेच असं नाही. डिजिटल सहीचं सरकारी पीडीएफ उघडलं की सहीजवळ अनेकदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नसतो. सही प्रमाणित करणाऱ्या संस्थेची ओळख तुमच्या संगणकाला अजून पटलेली नाही, एवढंच. तसंच छापून, प्रश्नचिन्हासकट, लोक ते कचेरीत नेऊन देतात. कागदावर आल्यावर प्रश्नचिन्ह काय आणि हिरवी बरोबरची खूण काय, दोन्ही शाईच.

आणखी खुणा वाढवायच्या तर विंडोजमध्ये एक मजेशीर भिंत आडवी येते. आयकॉनच्या कोपऱ्यात बसणाऱ्या छोट्या खुणा (ढग, बरोबर, बाण) नोंदवायला सगळ्या प्रोग्रॅमांना मिळून १५ जागा आहेत, आणि त्यातल्या काही विंडोज स्वतःच घेतं. जागा वर्णक्रमानं मिळतात, म्हणून काही प्रोग्रॅम आपल्या नावाच्या आधी मोकळ्या जागा टाकून रांगेत पुढे घुसतात. टेलिफोन डिरेक्टरीत पहिलं यावं म्हणून दुकानाचं नाव 'ए-वन' ठेवणाऱ्यांचेच हे वारस.

तोवर, सेक्रेटरीकाकांचं काय?

असे आयकॉन विंडोज उद्या देणार नाही. म्हणून सभेनंतर मी काकांच्या लॅपटॉपवर दोन कामं केली. नावांच्या सुरुवातीला विषय आणला, 'लिफ्ट करार २०२३' असा, म्हणजे पुढचं कापलं गेलं तरी डोकं शाबूत राहील. आणि लपवलेलं शेपूट दिसेल असं केलं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'खाली 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. फोनवर पत्रिका आली तर नाव शेवटपर्यंत वाचा, .एपीके दिसलं की हात लावू नका, आणि चुकून लावलाच नि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, हेही सांगितलं. काकांनी ते डायरीत लिहून घेतलं, तारीख टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन. "अहो, काल तुम्ही काहीतरी केलंत आणि सगळ्या नावांच्या मागे टिंब आणि इंग्रजी अक्षरं आलीयेत. फार घाण दिसतं. पाच-सहा फायलींची खोडून टाकली, तर त्यांचा लाल चौकोनच गेला, पांढरा कागद आलाय. बाकीचीही खोडू का?"